पाइनच्या कपाटावर चट्टे न पडता सागवानी रंग एकसारखा कसा आणावा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. घरातील पुस्तकांसाठी पाइनच्या फळ्यांचे एक मोठे कपाट सुताराकडून करून घेतले आहे. फळ्या न्यूझीलंडहून येणाऱ्या रेडिएटा पाइनच्या आहेत. सुतारकाम उत्तम झाले आहे आणि रंगकाम मी स्वतः करायचे ठरवले आहे. कपाट ज्या खोलीत ठेवायचे आहे तेथे आजोबांच्या काळातील सागवानी टेबल, दोन खुर्च्या आणि एक पलंग आहे, त्यामुळे कपाटाचा रंग त्यांच्या जवळ जाणारा असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की उरलेल्या तुकड्यांवर बाजारातील तयार स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावून पाहिला, तेव्हा एकाच फळीवर कोठे गडद चट्टे उमटले, तर कोठे रंग जवळजवळ चढलाच नाही. फळीच्या कापलेल्या टोकांना तर रंग काळपट दिसतो. पाण्यातील आणि तेलातील असे दोन्ही प्रकारचे स्टेन पाहिले. थोडाफार फरक पडला, पण चट्टे दोन्हींत आले. शिवाय कोऱ्या फळीवर ज्या रेषा गडद होत्या त्या स्टेननंतर फिक्या दिसू लागल्या आणि फिका भाग गडद झाला. हे असे का होते आणि त्यावर खात्रीचा उपाय कोणता, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. माझ्याकडे कॉम्प्रेसर किंवा स्प्रे गन नाही. ब्रश, फडके आणि भरपूर वेळ आहे.

रंधाकार

गोदाकाठ, तुम्ही रेषा उलट्या झाल्याचे जे निरीक्षण नोंदवले आहे, त्यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

पाइनच्या खोडात दरवर्षी वाढीचे एक वलय तयार होते. हंगामाच्या सुरुवातीला झाड वेगाने वाढते, तेव्हाच्या पेशी मोठ्या पोकळीच्या आणि पातळ भिंतींच्या असतात. तो भाग फिका आणि मऊ असतो. हंगाम सरत आला की वाढ मंदावते, पेशींच्या भिंती जाड होतात आणि गडद, कठीण रेघ तयार होते. स्टेन लावल्यावर मऊ भाग तो अधाशीपणे पितो आणि कठीण भाग जवळजवळ नाकारतो. म्हणून मूळचे फिके पट्टे गडद होतात आणि मूळच्या गडद रेघा उजळ राहतात. साग, अॅश किंवा ओक या लाकडांत मोठी छिद्रे वलयांच्या सुरुवातीला ओळीने असतात. स्टेन त्या छिद्रांत बसतो आणि मूळचीच नक्षी अधिक ठळक करतो, त्यामुळे तेथे गडद झालेला भाग डोळ्याला खटकत नाही.

चट्ट्यांचे कारण याहून थोडे वेगळे आहे. लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला सर्वत्र समांतर नसतात. गाठीच्या आसपास, वळण घेतलेल्या जागी किंवा खोड मुळातच वाकडे असेल तर ते पृष्ठभागात तिरके शिरतात आणि त्यांची कापलेली तोंडे वर येतात. अशा प्रत्येक जागी लाकूड अधिक रंग ओढते. फळीच्या टोकाला सगळेच तंतू आडवे कापलेले असल्याने तेथे हा परिणाम कमाल असतो. तुमची काळपट टोके त्यामुळेच. याच्या जोडीला पाइनमध्ये राळेचे कप्पे असतात, जेथे रंग मुळीच शिरत नाही. सुताराच्या हातून सांडलेला आणि पुसताना पसरलेला पांढरा गोंद हाही फिक्या डागांचे एक मोठे कारण असतो, मात्र तो दोष लाकडाचा नाही आणि तो आधीच काढता येतो.

याचा अर्थ असा की दोष स्टेनच्या डब्यात नसून लाकडाच्या पिण्यात आहे. स्टेन बदलून फरक थोडा पडेल, मुळावर इलाज होणार नाही. लाकडाला किती रंग पिऊ द्यायचा हे आपण ठरवले पाहिजे, आणि उरलेला रंग लाकडाच्या आत घालण्याऐवजी वरच्या थरांत ठेवला पाहिजे. संपूर्ण क्रम सवडीने लिहितो. तोपर्यंत एक सोपी चाचणी करून पाहा: कोऱ्या फळीवर स्पिरिटने ओले केलेले फडके फिरवा आणि तिरक्या प्रकाशात पाहा. ती ओली असताना जेथे गडद दिसेल तेथे पुढे चट्टा पडणार, आणि जेथे ओलच धरणार नाही तेथे गोंद किंवा राळ आहे. स्पिरिट उडून गेल्यावर फळी पूर्ववत होते, त्यामुळे ही चाचणी प्रत्यक्ष कपाटावरही निर्धास्तपणे करता येते.

आंबोळीवाडी

अतिशय उपयुक्त स्पष्टीकरण. याच संदर्भात विचारते की आंब्याच्या लाकडाचेही असेच असते का? आमच्याकडे वाऱ्यात पडलेल्या हापूसच्या झाडाच्या फळ्या कापून, व्यवस्थित वाळवून ठेवल्या आहेत. त्यांत काही ठिकाणी करड्या-काळ्या शिरा आहेत आणि रंग लावल्यावर त्या भागात तो फार वेडावाकडा चढतो.

रंधाकार

आंबोळीवाडी, आंब्याच्या लाकडात पाइनसारखे मऊ-कठीण पट्टे नसतात. छिद्रे साधारण सर्वत्र सारखी विखुरलेली असतात. मात्र त्याचे तंतू अनेकदा एकमेकांत अडकलेले किंवा लहरी असतात, म्हणजे एका पट्ट्यात ते उजवीकडे झुकतात आणि लगतच्या पट्ट्यात डावीकडे. रंध्याला आंबा उपटतो तो यामुळेच, आणि रंग पट्ट्यापट्ट्याने चढतो तोही यामुळेच. करड्या-काळ्या शिरा बहुधा बुरशीच्या आहेत. ताजे लाकूड ओले असताना बुरशी त्यात लवकर शिरते आणि जेथे ती खोलवर गेली असेल तेथे लाकूड मऊ होऊन जास्त रंग पिते. नखाने दाबून पाहा. खोलगट ठसा उमटला तर तो भाग वापरू नये. भाग घट्ट असेल तर त्या शिरा राखून ठेवाव्यात, त्या सुंदर दिसतात.

आणखी एक सांगायचे तर आंब्याच्या लाकडाला भुंगेऱ्याची कीड हमखास लागते. रंगाच्या आधी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणाचा उपचार केला नसेल तर तो अवश्य करा, लाकूड पुन्हा पूर्ण वाळू द्या आणि पृष्ठभागावर पांढरे स्फटिक उरले असतील तर ते ओलसर फडक्याने पुसून घ्या, कारण त्यांवर पॉलिश नीट धरत नाही. पुढील रंगकामाचा क्रम पाइनसाठी सांगणार आहे तोच आंब्यालाही चालेल.

चपडा_आणि_बोळा

आमच्या घरात दोन पिढ्या मुंबईत पॉलिशचेच काम झाले. या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण हल्ली ज्याला नवे तंत्र म्हणतात ते आमच्या वडिलांच्या हातात रोजचे होते.

देवदार, पाइन किंवा तत्सम पांढऱ्या लाकडाचे काम आले की वडील आधी सरसाचा एक पातळ हात देत. सरस रात्रभर थंड पाण्यात भिजत घालायचा, सकाळी भांड्यात पाणी ठेवून त्यात दुसरे भांडे बसवून मंद आचेवर विरघळवायचा आणि मग एका भागास दहा भाग इतका पातळ करायचा. सरस उकळू द्यायचा नाही, कारण उकळला की त्याची पकड जाते. असे कोमट पाणी ब्रशने सगळीकडे सारखे फिरवायचे आणि टोकांना दोनदा द्यायचे. वाळल्यावर उभे राहिलेले तंतू झिजलेल्या पॉलिश पेपरने हलकेच मोडायचे. सरस लाकडाची तहान भागवतो, आणि तो स्पिरिटात किंवा टर्पेंटाइनमध्ये विरघळत नसल्यामुळे त्यावर तेलातील किंवा स्पिरिटमधील रंग बिनधास्त देता येतो. पाण्यातील रंग मात्र त्यावर देऊ नये, खालचा सरस सुटू लागतो.

त्यानंतर चपड्याचे, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचे, पातळ पॉलिश कापडाच्या बोळ्याने देत आणि त्या पॉलिशमध्येच थोडाथोडा रंग मिसळत. सागाची छटा हवी असेल तर गेरू, पिवडी आणि किंचित काजळी, एवढ्यावर काम भागे. रंग दहा-बारा हातांत हळूहळू वर येई आणि फिका राहिलेला भाग पुढच्या हातात भरून काढता येई. स्टेनचा एक भरघोस हात देऊन काम उरकण्याची घाई त्या पद्धतीत नव्हती. गोदाकाठ यांच्याकडे स्प्रे गन नाही, पण वेळ आहे. त्यांच्यासाठी ही पद्धत अतिशय योग्य आहे असे मला मनापासून वाटते.

हडसनतीर

मी न्यू जर्सीत राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये फर्निचर करतो. येथे चेरी, मेपल, बर्च, पॉप्लर आणि पाइन ही लाकडे सहज मिळतात आणि पाचही चट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहेत, त्यामुळे येथील सुतारकामात हा विषय सतत चर्चेत असतो. चपडा_आणि_बोळा यांनी सरसाबद्दल जे लिहिले आहे तेच काम येथे बहुतेक जण अतिपातळ चपड्याने करतात. त्याचे प्रमाण सांगतो, कारण सगळे यश त्या प्रमाणावर अवलंबून आहे.

एक लिटर स्पिरिटला सुमारे ६० ग्रॅम चपडा, म्हणजे पाव लिटरला १५ ग्रॅम, हे सुरुवातीचे प्रमाण धरावे. नेहमीचे ब्रशने द्यायचे पॉलिश याच्या तिप्पट-चौपट दाट असते. ६० ग्रॅमच्या हाताने चट्टे पुरेसे दबले नाहीत तर ९० ते १२० ग्रॅमपर्यंत जावे, पण त्यापुढे लाकूड इतके बंद होते की पुसायचा स्टेन वर धरतच नाही. हा हात दिल्यावर स्टेनची छटा कोऱ्या लाकडापेक्षा बरीच फिकी येते, ही गोष्ट आधीच लक्षात ठेवून स्टेन एक पायरी गडद निवडावा लागतो.

चपड्यात निसर्गतः सुमारे ५ टक्क्यांपर्यंत मेण असते. वर पॉलियुरेथेन द्यायचे असेल तर हे मेण पकड बिघडवते, म्हणून मेण काढलेला चपडा वापरावा. तो मिळत नसल्यास साधा चपडा काचेच्या बरणीत पातळ विरघळवून काही दिवस न हलवता ठेवावा. मेण तळाशी गढूळ थर धरते; वरचे स्वच्छ द्रावण अलगद ओतून घेऊन दाट सुती कापडातून गाळावे. लोखंडी डबा वापरू नये, त्याने चपडा काळवंडतो.

येथे दुकानांत लाकडाचे कंडिशनर म्हणून जे डबे मिळतात त्यांविषयीही सावध करतो. बहुतेक तेलातील कंडिशनर म्हणजे भरपूर पातळ केलेले व्हार्निशच असते. डब्यावर ‘दोन तासांच्या आत स्टेन लावा’ असे लिहिलेले असते, पण तेवढ्या वेळात ते वाळत नाही आणि ओल्या कंडिशनरमध्ये स्टेन मिसळून नुसता पातळ होतो. तेच कंडिशनर रात्रभर वाळू दिले तर त्याचा खराखुरा पातळ थर तयार होतो आणि चट्टे पुष्कळ कमी होतात.

वैनगंगा

चपड्याचा विषय निघाला म्हणून थोडी भर घालते. आमच्या गोंदिया-गडचिरोली भागात पळसावर आणि कुसुमावर लाखेचे किडे पोसले जातात आणि त्या लाखेपासूनच चपडा तयार होतो. खरेदी करताना चपडा शक्य तितका ताजा घ्यावा, आणि विरघळवून ठेवलेले पॉलिश वर्षभराहून जुने असेल तर ते काचेवर थेंबभर लावून पाहावे. जुने द्रावण वाळल्यावरही चिकट राहते आणि त्यावर दिलेला पुढचा प्रत्येक थर बिघडतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. कापड रंगवताना आम्ही हिरड्याच्या पाण्यानंतर हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरतो आणि गडद करडा-काळा रंग मिळवतो. पाइनला आधी हिरड्याचे पाणी देऊन नंतर हिराकसाचे पाणी दिले तर रंग लाकडातच तयार होईल. मग चट्टे टळतील का?

रंधाकार

वैनगंगा, रंग निश्चित येईल, पण चट्टे टळणार नाहीत. पाइनमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, फार थोडे असते. ते हिरड्यातून द्यावे लागते आणि लाकूड हिरड्याचे पाणीही त्याच असमान रीतीने पिते. जेथे टॅनिन जास्त मुरेल तेथे हिराकसाने काळेपणा जास्त येईल. बाभूळ किंवा साग यांसारख्या लाकडांत टॅनिन स्वतःचेच असल्याने तेथे ही क्रिया लोखंडाच्या द्रावणाने थेट होते. जुन्या वाड्याच्या खांबासारखी राखाडी-काळी छटा हवी असेल तर तुमचा प्रयोग फार सुंदर दिसू शकतो, कारण गडद काळ्या रंगात असमानपणा मुरून जातो. सागवानी तपकिरीसाठी मात्र तो उपयोगाचा नाही.

आता कबूल केलेला क्रम. ब्रश आणि फडक्याने काम करणाऱ्यासाठी मी तो सांगतो आहे, आणि प्रत्येक पायरीचे कारणही देतो, म्हणजे एखादी वस्तू मिळाली नाही तर बदल कोठे करायचा हे समजेल.

घासाईपासून सुरुवात करू. पॉलिश पेपर नेहमी लाकडी किंवा बुचाच्या गुटक्यावर गुंडाळून वापरावा. नुसत्या बोटांनी घासले तर पाइनचा मऊ भाग खोल जातो, कठीण रेघा उंच राहतात आणि पॉलिशनंतर पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो. १०० किंवा १२० नंबरपासून १८० पर्यंत सर्वत्र सारखे घासावे, शेवटचा हात तंतूंच्या दिशेनेच द्यावा. फळीच्या टोकांना मात्र ३२० पर्यंत न्यावे. तोंडे जितकी गुळगुळीत होतात तितका रंग कमी ओढला जातो आणि टोक फळीच्या रंगाच्या जवळ येते. त्यानंतर सगळ्या कपाटावर ओलसर फडके फिरवून तंतू मुद्दाम उभे करावेत, वाळल्यावर झिजलेल्या २२० ने हलकेच मोडावेत. राळेच्या जागा थिनरने पुसून घ्याव्यात. गाठींवर चपड्याचा एक वेगळा थेंबभर हात द्यावा, अन्यथा उन्हाळ्यात राळ वर येते.

पहिला रंग पाण्यात विरघळणाऱ्या रंगपुडीचा द्यावा, आणि तो अगदी फिका, मधासारख्या पिवळसर छटेचा असावा. रंगपूड आणि रंगद्रव्य यांतील फरक येथे कळीचा आहे. गेरू, पिवडी, अंबर (तपकिरी माती) ही रंगद्रव्ये म्हणजे बारीक कण असतात. ते खाचांत आणि छिद्रांत अडकतात, कठीण रेघेवर त्यांना बसायला जागाच मिळत नाही. विरघळलेला रंग कणरूप नसल्यामुळे कठीण रेघेतही शिरतो आणि उलट्या झालेल्या रेषांचा ठळक फरक सौम्य करतो. हाही रंग असमानच शोषला जातो, हे खरे; परंतु फिक्या पिवळ्यातील गडद-फिका फरक डोळ्याला जाणवत नाही. म्हणूनच लाकडावर थेट जाणारा रंग फिका ठेवावा, हा माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे. तपकिरीचा गडदपणा पहिल्याच पायरीत गाठू पाहणारा माणूस चट्ट्यांना आमंत्रण देतो.

हा हात देताना फळी भरपूर ओली करावी, संपूर्ण पृष्ठभाग एकाच वेळी ओला राहील असे पाहावे आणि मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. कपाटाची एक बाजू अर्धवट सोडून चहाला गेलात तर तेथे जोड दिसेल. टोकांवर रंग लावण्याच्या क्षणभर आधी साध्या पाण्याचा ब्रश फिरवावा.

रंग पूर्ण वाळल्यावर हडसनतीर यांनी सांगितलेला ६० ग्रॅमचा चपडा द्यावा. ब्रश एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नये. तासाभराने ३२० ने नुसता स्पर्श केल्यासारखे घासावे. चपड्यावर लगेच स्पिरिटमधील रंग देऊ नये, कारण स्पिरिट खालचा थर पुन्हा विरघळवते. सरस वापरायचा असेल तर पाण्यातील रंग आधी आणि सरस नंतर हा क्रम पाळावा, आणि पिवळा रंग सुटू नये म्हणून ब्रश हलका ठेवावा.

आता तपकिरी. तेलातील रंगद्रव्याचा स्टेन घ्यावा, किंवा घरी करायचे असल्यास चित्रकारांच्या तैलरंगाच्या नळ्यांतील बर्न्ट अंबर आणि थोडा बर्न्ट सिएना घेऊन तो तेलातील पारदर्शक व्हार्निशमध्ये आणि टर्पेंटाइनमध्ये नीट कालवावा. फडक्याने लावावा, काही मिनिटे थांबावे, मऊ फडक्याने तंतूंच्या दिशेने पुसावा. खालचे लाकूड आता बंद असल्यामुळे रंग आत पळत नाही. तो पृष्ठभागावर आपल्या ताब्यात राहतो. फिक्या जागी थोडा जास्त ठेवता येतो, गडद जागी जास्त पुसता येतो आणि मनासारखे झाले नाही तर ओला असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने काढूनही टाकता येतो. हा थर निवांत वाळू द्यावा, किमान एक दिवस, दमट हवेत त्याहून जास्त. त्यावर चपड्याचा एक बंद करणारा हात आणि मग शेवटचे थर.

अजून छटा कमी वाटली तर चपडा_आणि_बोळा यांची पद्धत या टप्प्यावर अमृतासारखी आहे: शेवटच्या काही हातांच्या पॉलिशमध्येच किंचित रंग मिसळून बोळ्याने तो वर आणावा. चन्नपट्टणच्या खेळण्यांचे लाकूड मुळात पांढरे असते. फिरत्या चरकावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळते आणि रंग लाकडावर थर म्हणून बसतो. त्या खेळण्यांवर चट्टे का दिसत नाहीत याचे कारण त्यात आहे.

उभा_छेद

सविनय मतभेद नोंदवतो. पाइनला साग करण्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी? पाइनवर पारदर्शक तेल किंवा व्हार्निश दिले तर ते काही वर्षांत उजेडाने आपोआप मधाळ सोनेरी होते आणि त्याच्या गाठी, रेघा स्वतःच्या सौंदर्याने दिसतात. लाकडाने आपल्या रंगात राहावे असे मला वाटते.

गोदाकाठ

उभा_छेद, तुमचे म्हणणे मला पटते, आणि स्वतंत्र खोली असती तर मीही तेच केले असते. येथे मात्र शेजारी जुने सागवानी सामान आहे आणि नव्या कपाटाने त्यांच्यात वेगळे पडू नये, एवढीच अपेक्षा आहे. हुबेहूब साग दिसावा असा आग्रह नाही.

रंधाकार यांच्या क्रमाने तुकड्यांवर काम करून पाहिले. फरक थक्क करणारा आहे. पिवळ्या रंगाच्या टप्प्यावर फळी इतकी भडक दिसत होती की धीर सुटू लागला होता, पण तपकिरी पुसल्यावर ती छटा खालून उबदार दिसू लागली. कठीण रेघा अजून थोड्या उजळ आहेत, मात्र चट्टे जवळजवळ गेले आहेत. आता दोन शंका उरल्या आहेत. शेवटचे थर कोणते द्यावेत, कारण दुकानदार मेलामाइन सुचवतो? आणि पावसाळा तोंडावर आहे, तर थांबावे की काम उरकून घ्यावे?

चपडा_आणि_बोळा

पावसाळ्याचे उत्तर मी देतो. भर पावसात स्पिरिटचे किंवा लॅकरचे काम करू नये. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओल त्यावर धरते आणि पॉलिशवर दुधासारखा पांढरा पडदा येतो. चपड्यावरील असा पडदा कोरड्या हवेत बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन काढता येतो, पण आतील लाकूडच दमट झाले असेल तर त्यावर इलाज नाही. उघडीप मिळाली, भिंती घाम धरत नसतील आणि हवा दुपारी कोरडी वाटत असेल तर उशिरा सकाळी सुरू करून संध्याकाळच्या आत हात संपवावा. नाही तर दसऱ्यानंतर करावे. घाईने केलेले काम पुढे अनेक वर्षे डोळ्यांसमोर राहते. कडक उन्हाळ्यातही सावध राहावे, कारण तेव्हा ब्रश फिरण्याआधीच पॉलिश ओढते आणि जोड दिसतात.

हडसनतीर

शेवटच्या थराविषयी: मेलामाइन आणि दोन भागांचे पॉलियुरेथेन हे दोन्ही रासायनिक क्रियेने घट्ट होणारे लेप आहेत आणि ते चपड्याच्या थरावर नेहमी नीट धरतीलच असे नाही. ते वापरायचेच असतील तर चपड्याच्या जागी त्याच कंपनीच्या, त्याच संचातील सीलर (लाकूड बंद करणारा पहिला थर) पातळ करून वापरावा आणि वरील सर्व थर त्याच संचातील ठेवावेत. साधे सँडिंग सीलर पॉलियुरेथेनखाली देऊ नये. ते सहज घासले जावे म्हणून त्यात झिंक स्टिअरेट घातलेले असते आणि त्यामुळे वरच्या थराची पकड कमी होते. दोन भागांच्या पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट श्वासाला घातक असते. बंद खोलीत, नुसता रुमाल बांधून ते काम मुळीच करू नये.

पुस्तकांच्या कपाटाला जेवणाच्या टेबलाइतकी मजबुती लागत नाही. मेण काढलेल्या चपड्यावर तेलातील साधे व्हार्निश मॅट किंवा सॅटिन प्रकारात दोन-तीन पातळ हात दिले तर पुरेसे आहे, आणि तेलातील व्हार्निशच्या किंचित पिवळेपणाने सागाची छटा आणखी जवळ येईल. चकचकीत थर टाळावा. चकाकीत उरलेसुरले डाग अधिक उठून दिसतात.

रंधाकार

हडसनतीर यांच्याशी पूर्ण सहमत. गोदाकाठ, तुमच्या उजळ राहिलेल्या कठीण रेघांबद्दल सांगतो: पिवळ्या पायरीतील रंगपूड किंचित दाट करून, तिच्यात तांबूस-तपकिरी चिमूटभर मिसळून एक नवा तुकडा करून पाहा. रेघा अजून खाली बसतील. त्या अगदी नाहीशा करू नका, कारण रेघा पूर्ण झाकल्या की लाकूड रंगवलेल्या पत्र्यासारखे दिसते.

छटा जुळवताना तुकडा टेबलाशेजारी उभा धरा, खोलीतील दिव्याखाली एकदा आणि दिवसाच्या उजेडात एकदा पाहा. दिवसा जुळलेला रंग पिवळ्या एलईडीखाली तांबूस किंवा हिरवट वाटू शकतो. तुलना करताना तुकड्यावर शेवटच्या व्हार्निशचा हातही दिलेला असावा, कारण वाळलेला स्टेन निस्तेज दिसतो आणि त्याचा खरा रंग व्हार्निशनंतरच कळतो. आणि कपाट खिडकीच्या थेट उन्हात ठेवणार असाल तर पिवळ्या रंगपुडीवर फार भिस्त ठेवू नका. विरघळणारे रंग उन्हाने उडतात. मातीची रंगद्रव्ये टिकतात. अशा वेळी पिवळी पायरीसुद्धा रंगद्रव्याची, पातळ चपड्यावर पुसलेली ठेवलेली बरी.

आंबोळीवाडी

आंब्याच्या एका फळीवर हाच क्रम केला. लहरी पट्ट्यांतील फरक स्टेनचा न राहता आता प्रकाशाचा वाटतो, म्हणजे बाजू बदलून पाहिले की गडद पट्टा उजळ आणि उजळ पट्टा गडद दिसतो. हे असेच असते का?

रंधाकार

हो, आणि हे चांगले लक्षण आहे. तंतू उलटसुलट दिशेने झुकलेले असल्यामुळे ते प्रकाश वेगवेगळ्या बाजूंना परावर्तित करतात. बाजू बदलल्यावर जो फरक जागा बदलतो तो लाकडाचा झळाळ आहे. जो चारी बाजूंनी तसाच गडद राहतो तो चट्टा. झळाळ घालवण्यासाठी आणखी रंग चढवू नका.

वैनगंगा

काम सुरू करण्याआधी एक सूचना सर्वांनी वाचावी, कारण ती डब्यावर बारीक अक्षरांत असते. तेलातील स्टेन, व्हार्निश किंवा अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती अडकून ठिणगीशिवाय आग लागते. फडकी एकेक सुटी करून, आगीपासून दूर, बाहेरच्या दोरीवर किंवा फरशीवर पसरून पूर्ण कडक वाळू द्यावीत, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकते. ते साध्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये, आणि लहान मुले असलेल्या घरात तर नावाची चिठ्ठी लावून कुलपात ठेवावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दसऱ्यानंतर काम हाती घेतो. तोपर्यंत कपाट कोऱ्या स्थितीत राहील, तर त्यावर काही लावून ठेवावे का?

चपडा_आणि_बोळा

काहीही लावू नका. भिंतीपासून हातभर दूर, फरशीपासून ठोकळ्यांवर उचलून, जुन्या सुती चादरीने झाका. प्लास्टिकने झाकू नका, आत ओल कोंडते आणि पाइनवर निळसर बुरशी धरते. तो निळेपणा घासून सहसा जात नाही. चादरीचा काही भाग उघडा राहून उजेड पडत असेल तर अधूनमधून कपाट फिरवा, कारण उघड्या पाइनला उजेडाने लवकर पिवळेपणा येतो आणि झाकलेला भाग पांढरा राहतो. रंगाच्या आदल्या दिवशी १८० ने सगळीकडे पुन्हा एकदा ताजा हात मारा, मगच पिवळा रंग कालवायला घ्या.